बुरशी खाद्याला, दंड शेतकऱ्याला

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोधाअंती भुईमूग पेंडीवरील बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, हाती लागले. १९७४ मध्ये पंचमहाल-बांसवाड्याच्या आदिवासी भागात बुरशीच्या मक्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. हेच विष अहिल्यानगर जिल्ह्यातील कुक्कुटपालकाच्या हिशोबात अदृश्यपणे शिरू शकते.

करारपद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनीचे. शेड, वीज, पाणी व श्रम शेतकऱ्याचे. मका ओला साठवला की बुरशी धरते. पुढे तो तापवला तरी विष सहजी जात नाही. पक्ष्याचे यकृत बिघडते, वाढ खुंटते, मरतूक वाढते. तेवढ्याच वजनाला खाद्य अधिक लागते आणि कपात होते ती शेतकऱ्याच्या मोबदल्यात! ज्याने खाद्य निवडले नाही, त्यानेच दंड भरावा, हा कोणता न्याय?

पोती शेतकऱ्याच्याच शेडमध्ये भिजली, असे उत्तर यावर देता येते. म्हणूनच गाडी उतरतानाच उभयतांसमक्ष नमुना मोहोरबंद व्हावा, सार्वजनिक प्रयोगशाळेत तपासला जावा आणि दोष आढळल्यास नुकसान पुरवठादाराने सोसावे, ही तरतूद करारात हवी. एकट्या शेतकऱ्याच्या तोंडी ती विनवणी ठरते. संघटनेच्या तोंडी ती मागणी होते.