अंगणातील पारिजातक



एप्रिल-मेमध्ये पारिजातकाच्या नुसत्या काटक्या उरलेल्या पाहून ‘झाड मेले’ म्हणून कुऱ्हाड चालविणारे पुष्कळ आढळतात. तसे करू नये. पानगळ हा या झाडाचा स्वभावच आहे. शंका वाटल्यास फांदीची साल नखाने जराशी खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत समजावे. पावसाबरोबर पालवी येते. तोडलेल्या झाडाच्या जागी बी लावून पुन्हा फुले पाहायला मात्र काही वर्षे थांबावे लागते.

यालाच उर्दूत हरसिंगार म्हणतात; दादी-नानींना विचारा, त्यांना ठाऊक असेल.

लागवडीस खर्च असा नाहीच. चपट्या फळात दोन कप्पे आणि दोन बिया असतात. ताज्या बिया पावसाळ्यात पेराव्यात किंवा जून फांदीचा तुकडा लावावा. जागा उन्हाची हवी. पाणी साचले की मुळे कुजतात. फुले फांद्यांच्या टोकांना येतात, म्हणून बहर संपल्यावर छाटणी करावी.

फुले अंधार पडल्यावर उमलतात आणि पहाटे गळतात. रात्रीच झाडाखाली जुनी स्वच्छ चादर अंथरून ठेवावी. मुलांनो, केशरी देठ वेगळे करून सावलीत वाळवा आणि गरम पाण्यात भिजवा. केशराला ज्या जातीच्या द्रव्याने रंग येतो, त्याच जातीचे द्रव्य या देठांत आहे. पूर्वी त्याने रेशीम रंगवीत. रंग सुंदर, पण उन्हात विटतो. तेव्हा पहिला प्रयोग ईदच्या कपड्यांवर नको, जुन्या पांढऱ्या रुमालावर करा.