पानाचें कवच

कॉफीचा पेला ओठांशीं नेतांना तिच्या पानाचें स्मरण क्वचितच कोणास होतें. परंतु एका संबंध बेटाची शेती या पानानें पालटून टाकली.

सन १८६९ मध्यें सिलोनांत कॉफीच्या पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटीचे ठिपके आढळले. हाच तांबेरा. या बुरशीचे बीजाणु वाऱ्यापावसानें पसरतात, ओल्या पानावर रुजतात व पाठीवरील सूक्ष्म रंध्रांतून आंत शिरतात. मग पानें गळतात, झाड निःसत्त्व होतें. १८८० सालीं मार्शल वॉर्ड हे शास्त्रज्ञ चौकशीसाठीं तेथें गेले. बीजाणु रुजण्यापूर्वींच पानावर औषधाचा लेप हवा, हें त्यांनीं ओळखलें. पण तोंवर फार उशीर झाला होता. मळेवाले चहाकडे वळले.

पुढें १८८५ मध्यें फ्रान्सांत मिलार्दे यांनीं मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण पुढें आणलें. द्राक्षें चोरीस जाऊं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असें मिश्रण शिंपडीत; त्याच वेली रोगांतून वांचल्या, हें त्यांच्या नजरेस आलें होतें.

आज कोडगु व चिकमगळूरच्या मळ्यांत तेंच मिश्रण पावसाळ्याआधीं व पाऊस ओसरल्यावर फवारतात. तें ताजें असावें व पानाच्या पाठीवर बसावें. चुना कमी पडल्यास पानें करपतात. म्हणून लखलखीत सुरी त्यांत बुडवून पाहावी. तिजवर तांब्याचा थर चढल्यास आणखी चुना घालावा.

हें औषध म्हणजे कवच आहे. आंत शिरलेल्या बुरशीवर त्याची मात्रा चालत नाहीं. ठिपके दिसल्यावर फवारा शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणेंच होय.