ईमानाचा पेपर नसतो



मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं हळूच विचारलं, "सर, एम.ए.ला धर्मांचा अभ्यास घ्यायचाय. अब्बा म्हणतात, ईमान जाईल. खरंय का?"

हसू नका. माझ्याही घरी हा प्रश्न निघाला होता. अम्मीनं विचारलं होतं, "अल्लाह आहे की नाही, असं पेपरात विचारतात का?" मी म्हटलं, "नाही." "मग कर," ती म्हणाली, "पण नमाज चुकवू नकोस."

मदरशात आपण दीन शिकतो. शिकवणारा आणि शिकणारा, दोघंही तो मानतात हे तिथं गृहीत असतं. विद्यापीठात तुम्ही काय मानता हे कुणी तपासत नाही. आयत कुठल्या परिस्थितीत आली, पुढं कुणी तिचा काय अर्थ लावला, आज लोक ती कशी पाळतात, हे प्रश्न तिथं असतात. यातला पहिला प्रश्न तर आपल्या तफसीरकारांचाच. 'असबाब अन-नुझूल' हे त्याचं जुनं नाव. आणि अल-बिरूनी? १०३० च्या सुमारास त्यानं हिंदूंच्या श्रद्धांवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी संस्कृत शिकला, आणि हे पुस्तक वाद घालण्यासाठी नाही, असं सुरुवातीलाच सांगून टाकलं.

मला जास्त बोलायचंय ते फझलुर रहमान यांच्याबद्दल. जन्म १९१९, आज पाकिस्तानात असलेल्या हजारा भागातला. वडील देवबंदला शिकलेले आलिम. मुलगा ऑक्सफर्डला गेला, इब्न सीनावर प्रबंध लिहिला, मग इंग्लंडात आणि कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात शिकवलं.

त्यांची पद्धत दोन पावलांची होती. आधी आजच्या प्रश्नापासून कुराणाच्या काळात जा आणि हुकमामागचा हेतू शोधा. मग तो हेतू घेऊन आजच्या काळात परत या. चार बायकांची आयत घ्या. ती सुरूच होते अनाथांना न्याय देण्यापासून. सगळ्यांशी सारखं वागता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, असं तिथंच म्हटलंय. आणि त्याच सूरेत पुढं सांगितलंय की कितीही इच्छा असली तरी बायकांना समान न्याय देणं तुम्हाला जमणार नाही. आपल्या लग्नाच्या बैठकीत यातला 'चार' एवढाच शब्द ऐकू येतो.

पाकिस्तानात परतून ते इस्लामी संशोधनाच्या सरकारी संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या 'इस्लाम' या पुस्तकातल्या वहीवरच्या विवेचनावरून रान उठलं आणि १९६८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढं १९८८ मध्ये वारेपर्यंत ते शिकागोत शिकवत राहिले. हा माणूस ईमान सोडून गेला नव्हता. कुराण अल्लाहचं कलाम आहे हे मानूनच तो लिहीत होता.

म्हणून बेटा, तुला अर्धंच उत्तर देतो. प्रश्न पडतील. काही रात्री झोप लागणार नाही, याची हमी मी देतो. ईमान राहील की जाईल, याची हमी मी देऊ शकत नाही. ती मदरशातलाही कुणी देऊ शकत नाही.

अब्बांना पुढच्या वेळी घेऊन ये. चहा माझ्याकडून.