दुचाकीचा वेग आणि शाळेचे कर्तव्य
(प्राथमिक शिक्षकांसमोरील व्याख्यान)



नाशिक शहराच्या नैऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला असलेले अंबड हे एके काळी शेतीवर जगणारे गाव होते. पुढे तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन झाली आणि हे गाव शहराच्या हद्दीत आले. आज कारखान्याची पाळी बदलण्याच्या वेळी तेथील चौकात उभे राहिले असता, या स्थित्यंतराचे खरे वाहन कोणते ते तत्काळ ध्यानात येते. आसपासच्या खेड्यांतील तरुण ज्या वाहनावर बसून कामास येतो व रात्री घरी परततो, ते वाहन म्हणजे मोटारसायकल होय. एके काळी जिला 'फटफटी' म्हणत व जी गावात एखाद्याच घरी असे, ती आज शेतकऱ्याच्या, कामगाराच्या आणि शिक्षकाच्याही अंगणात उभी आहे.

या वाहनाची निंदा करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. दुचाकीने खेड्यातील माणसाला बाजारपेठ जवळ आणून दिली, रुग्णाला दवाखाना गाठून दिला, मुलीला पुढील शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. परंतु जे साधन हाती येते त्याचा विवेक त्याबरोबर आपोआप येत नसतो. विवेक शिकवावा लागतो; आणि शिकविण्याचे काम ज्यांचे, त्यांच्याकडेच समाजाची दृष्टी वळते.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून समजून घ्यावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सुमारे ४६० घरांत शोककळा पसरली. यांतील शंभरापैकी चव्वेचाळीसहून अधिक मृत्यू दुचाकीस्वारांचे होते. शिरस्त्राण, म्हणजे ज्याला सर्वजण हेल्मेट म्हणतात ते, न घातलेले ५०,०२९ लोक त्या एका वर्षात दगावले. त्यांत मागे बसणारे १४,००० हून अधिक होते. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. मृत्यूच्या कारणांत अतिवेगाचा वाटा सर्वांत मोठा, शंभरांत सत्तरहून अधिक, असे तोच अहवाल सांगतो. युद्ध नाही, साथ नाही, आणि तरीही एवढी माणसे जातात! तीही बहुतांशी कर्तीसवरती.

अशा वेळी 'नशिबात होते' असे म्हणून लोक मोकळे होतात. शाळेने पहिला आघात करावयाचा तो या समजुतीवर. अपघाताला कारण असते, आणि ज्याला कारण असते ते टाळता येते. वेगाचे गणित हे याचे उत्तम उदाहरण होय.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. समोर काही आडवे आले असता ते डोळ्यांना दिसून हातापायांनी ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या अवधीत गाडी मुळीच थांबत नसते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती आणखी सुमारे १० मीटर गेल्यावर उभी राहते. एकूण अंतर २१ मीटर झाले. आता वेग ताशी ६० करावा. वेग केवळ दीडपट झाला, पण थांबण्याचे एकूण अंतर सुमारे ४० मीटर होते. वेग ८० केला तर ते ६३ मीटरांवर जाते. वेग दुप्पट झाला असता ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. पावसाने रस्ता ओला झाला असेल किंवा वाळू पसरलेली असेल, तर हे अंतर याहूनही पुष्कळ वाढते.

आघाताचेही असेच आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, पडणे होय. ताशी ६० चा आघात हा १४ मीटरांवरून, म्हणजे चार मजल्यांवरून पडण्यासारखा असतो. चार मजल्यांच्या कठड्यावर उभे राहण्याचे धाडस जो तरुण करणार नाही, तो गावच्या वळणावर तेवढाच धोका हसत हसत पत्करतो. कारण उंची डोळ्यांना दिसते आणि वेग दिसत नाही.

एवढे करून लाभ कोणता? गाव ते फाटा १० किलोमीटरांचे अंतर ताशी ४० वेगाने १५ मिनिटांत, तर ६० वेगाने १० मिनिटांत तोडले जाते. पाच मिनिटे वाचतात. हे उदाहरण सातवीच्या मुलाकडून फळ्यावर सोडवून घ्यावे व पाच मिनिटांसाठी काय पणाला लावले जाते ते त्यालाच बोलू द्यावे. शिक्षकाच्या उपदेशापेक्षा मुलाने स्वतः काढलेले उत्तर अधिक काळ टिकते.

शिरस्त्राणाची गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे आणि ती मुलांना सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात नाव मिळविलेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स हे १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील आपल्या घराजवळ मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात पडले. डोक्याला जबर मार लागून १९ मे रोजी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. दुसऱ्या महायुद्धात मोटारसायकलवरून संदेश नेणारे कित्येक सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे तर डोक्याच्या दुखापतीने मरत आहेत हे त्यांनी अभ्यासाने दाखवून दिले. १९४१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने अशा स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सर्वसामान्य स्वारांसाठी तसा कायदा केला. एका डॉक्टराने शोक करून न थांबता कारण शोधले, त्यामुळे जगभर असंख्य प्राण वाचले. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका शंभरांत सुमारे ४२ ने, तर डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ ने कमी होतो.

मात्र शिरस्त्राण म्हणजे केवळ कवच नव्हे. त्याच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. आघात होताच तो थर चेपतो आणि डोक्यावर येणारा जोर थोडा लांबवून कमी करतो. दोन अंडी घ्यावीत. एक उघडे व एक थर्मोकोलच्या तुकड्यांत घट्ट गुंडाळलेले. दोन्ही समान उंचीवरून खाली सोडावीत. वर्गाला निराळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. यावरूनच पुढील दोन गोष्टी समजतात. गळ्याखालचा पट्टा न लावलेले शिरस्त्राण आघातापूर्वीच उडून जाते, आणि रस्त्याकडेला मिळणारी भारतीय मानक चिन्ह नसलेली टोपी ही टोपीच राहते. १ जून २०२१ पासून असे चिन्ह नसलेली शिरस्त्राणे बनविणे व विकणे कायद्याने बंद झालेले आहे.

आता नाशिकचाच एक प्रयोग पाहावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक शहरात तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम सुरू केली. शहरातील प्रत्येक दुचाकीस्वाराला ज्या ठिकाणी केव्हा तरी थांबावेच लागते, ते ठिकाण हेरण्यात या मोहिमेचे चातुर्य होते. परंतु सक्तीची मर्यादाही तेथेच दिसते. पंपावर शेजाऱ्याकडून घटकाभर मागून घेतलेले शिरस्त्राण पेट्रोल मिळवून देईल. पुढच्या वळणावर ते डोक्यावर असणार नाही. पोलिसाचे भय चौकापुरते असते, सवय मात्र आडरस्त्यावरही सोबत येते. चौक पोलिसांनी सांभाळावा, सवय शाळेने लावावी, अशी ही कामाची वाटणी आहे.

खेड्यातील शाळेपुढे याहून अवघड असा एक प्रश्न आहे. सातवी-आठवीतला मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन मळ्यात जातो, दुधाच्या किटल्या पोहोचवितो, धाकट्या भावंडांना शाळेत आणून सोडतो. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. पण 'आमचा बाळ्या गाडी चालवतो' असे सांगताना बापाचा ऊर भरून येतो. घरात कामाला दुसरे कोणी नसते हेही पुष्कळदा खरे असते. तेव्हा बापाला मूर्ख ठरवून काही साधणार नाही. पालकसभेत त्याला दोन गोष्टी शांतपणे समजावून द्याव्यात.

पहिली गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकल चालविता येत नाही. सोळाव्या वर्षी जी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या लहान वाहनापुरती, तीही परवाना काढूनच. २०१९ च्या दुरुस्तीने यात कठोर भर पडली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरले जाते. तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या मुलाला उद्या गाडी चालविण्याचीच नोकरी धरावयाची असेल, त्याची वाट बापाच्या कौतुकानेच बंद होते.

दुसरी गोष्ट कायद्याहून मोठी. मुलाचे हात गाडी वळवू शकतात, पण समोरून येणाऱ्या मालमोटारीचा वेग जोखण्याचा, मित्रांनी चिथावले असता नकार देण्याचा, रागात असताना हात आवरण्याचा निर्णय त्या वयात परिपक्व झालेला नसतो. गाडी चालविता येणे आणि गाडी कधी चालवू नये हे कळणे, या दोन विद्या भिन्न आहेत. पहिली चार दिवसांत येते, दुसरीला वर्षे लागतात.

बेदरकारपणाचे मूळही येथेच आहे. पुढचे चाक उचलून धावणे, नागमोडी गाडी हाकणे, सायलेन्सर बदलून गाव दणाणून सोडणे, यांत तरुणाला शौर्य वाटते. कारण शौर्य दाखविण्याची दुसरी जागा त्याला कोणी दिलेली नसते. कबड्डीच्या मैदानात, पोहण्याच्या शर्यतीत, गड चढण्यात ज्याला टाळ्या मिळाल्या, त्याला रस्त्यावर टाळ्या मिळविण्याची गरज कमी भासते. म्हणून शाळेचे मैदान जिवंत ठेवणे हाही रस्त्याच्या सुरक्षिततेचाच एक उपाय समजावा.

वर्गात करता येण्याजोगी काही कामे येथे सुचविणे उचित होईल. शाळेच्या मैदानावर फक्कीने एक रेघ आखून तेथून २१, ४० व ६३ मीटरांवर खुणा कराव्यात आणि मुलांना ते अंतर पावलांनी चालावयास लावावे. भूगोलाच्या तासाला गावाचा नकाशा काढून त्यात धोक्याच्या जागा दाखवाव्यात: फाट्यावरचे वळण, कठडा नसलेला पूल, शाळेसमोरचा उतार. त्याच माहितीवरून मराठीच्या तासाला ग्रामपंचायतीस अर्ज लिहवून घ्यावा व तो खरोखरच पाठवावा. कांद्याच्या व द्राक्षांच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते. ज्या मुलांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावून घेतली, तर एका शाळेकडून कोणाचे तरी प्राण वाचतील. मागे बसणाऱ्या आईने, बहिणीने पदर वा ओढणी चाकात न जाईल अशी आवरून बसावे, हेही मुलांकरवी घरोघर पोहोचवावे. एका गाडीवर दोघांपेक्षा अधिक बसू नये आणि चार वर्षांवरील मुलानेही शिरस्त्राण घालावे, हा नियम आहे.

अपघात घडलाच तर काय करावे, हेही शिकवावयास हवे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस यांना बोलावता येते. जखमीला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने लोक पाहत उभे राहतात. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच घातले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीदेखील करता येत नाही. हे एक वाक्य गावातील प्रत्येक मुलाला पाठ असावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. ज्या शाळेच्या आवारात गुरुजींची मोटारसायकल उभी राहते, तेथे वाहतुकीचा पहिला धडा परिपाठापूर्वीच झालेला असतो. गुरुजी शिरस्त्राण घालून, पट्टा लावून, फाटकाजवळ गाडी हळू करून आत आले, किंवा शिरस्त्राण आरशाला अडकवून वेगात आले, हे शंभर डोळे रोज पाहत असतात. फळ्यावर काही लिहिले तरी मुले तोच धडा गिरवितात. बाईंच्या मागे बसून शाळेत येणाऱ्या त्यांच्याच लहानग्याच्या डोक्यावर काही आहे की नाही, हेही गाव पाहते.

शिक्षकाला रस्ता रुंद करता येत नाही, पूल बांधता येत नाही, दंड वसूल करता येत नाही. त्याच्या हाती आहे ती पुढची पिढी. आज पहिलीत बसलेले मूल आणखी बारा वर्षांनी अंबडच्या एखाद्या कारखान्याची रात्रपाळी आटोपून, पहाटेच्या अंधारात महामार्गावरून गावाकडे निघालेले असेल. त्या वेळी त्याच्या जवळ पोलीस नसेल, आई नसेल, गुरुजीही नसतील. लहानपणी लागलेली सवय तेवढी सोबत असेल. तो सुखरूप घरी पोहोचावा एवढ्यासाठी या सत्रापासून प्रत्येक शाळेने कामास लागावे.