जुन्या पिकअपचे पुढील ब्रेक

ग्रामीण वाहतुकीचा विचार निघाला म्हणजे रस्त्यांची लांबी, पुलांची उंची, खडी आणि डांबर यांची चर्चा होते. त्या रस्त्यावरून धावणारे वाहन थांबते कसे, याची चर्चा मात्र अपघातानंतरच्या पंचनाम्यात तेवढी होते. पहाटे तालुक्याच्या बाजारात भाजीपाला, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या घेऊन येणारी, दुपारी सिमेंट व पत्रे घेऊन परतणारी आणि वर्षांच्या हिशेबाने केव्हाच म्हातारी झालेली पिकअप हे आपल्या गावांचे खरे मालवाहन होय. काही ग्रामपंचायतींच्या कचरागाड्या आणि पाण्याच्या टाक्या वाहणारी वाहनेही याच जातीची असतात. अशा जुन्या गाडीचे पुढील ब्रेक सुधारावयाचे झाल्यास काय करावे, आणि काय मुळीच करू नये, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या जुन्या गाड्यांपैकी अनेकींचे मूळ जीपमध्ये आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू झाली आणि पुढे त्याच घडणीतून मागे हौदा असलेली वाहने तयार होत गेली. मूळ सीजे-३बी जीपच्या चारही चाकांना नऊ इंच व्यासाचे ड्रम ब्रेक होते. ब्रेकचे तेल चारही चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, गाडीच्या तळाशी बसविलेला असे, आणि त्यात तेलाचा मार्ग एकच असे. ज्या काळात ही रचना झाली त्या काळाच्या वेगाला व वजनाला ती पुरेशी होती. पुढे इंजिन बदलले, टायर रुंद झाले, हौद्याला बाजूच्या फळ्या चढल्या, रस्ते गुळगुळीत झाले. अनेक गाड्यांचे ब्रेक मात्र होते तसेच राहिले.

ब्रेक गाडी थांबवितो म्हणजे नेमके काय करतो? गाडीच्या गतीत साठलेली शक्ती तो घर्षणाने उष्णतेत बदलतो. मालासह अडीच हजार किलो वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे साडेतीन लाख ज्यूल शक्ती असते. वेग निम्मा केला तर ही शक्ती निम्मी नव्हे, चौथाई होते. शाळेतील विज्ञानशिक्षकांना हे गणित फळ्यावर सहज मांडता येईल. परंतु सपाट रस्त्यावरचे थांबणे ही ब्रेकची खरी परीक्षा नव्हे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना वाहन चारशे मीटरांहून अधिक खाली येते. त्याच अडीच हजार किलोच्या गाडीच्या बाबतीत चारशे मीटर उतरणे म्हणजे सुमारे अठ्ठ्याण्णव लाख ज्यूल शक्ती कोठेतरी खर्ची घालणे; म्हणजेच ताशी ६० किलोमीटर वेगावरून अठ्ठावीस वेळा गाडी थांबविणे. एवढ्या उष्णतेत तीस लिटर थंड पाण्याला उकळी येईल. यातील काही भाग हवेचा व टायरचा विरोध घेतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच मोठा भाग इंजिन घेते. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाच्या वाट्याचा भारही ब्रेकवर येऊन पडतो.

ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून थांबविण्याचे काम पुढच्या चाकांवर निम्म्याहून बरेच अधिक येते. पुढील ड्रम तापला की तो प्रसरण पावतो आणि आतील लायनिंगपासून दूर सरकतो. पेडल खोल जाते. त्याच वेळी तापलेल्या लायनिंगची पकडही कमी होते. घाटाच्या पायथ्याशी दहा-पंधरा मिनिटे गाडी उभी राहिली की ड्रम निवतो, पेडल पूर्ववत होते, आणि चालक दोष विसरून जातो. मिस्त्रीकडे गाडी जाईपर्यंत दाखविण्यासारखे काही उरलेलेच नसते. ड्रमची दुसरी अडचण पावसाळ्यात कळते. ओढ्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी व चिखल शिरतो, आणि पलीकडच्या काठावर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी उघड्यावर असते आणि कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्याप्रमाणे धरतात. तबकडी तापून जाड झाली तर ती पॅडपासून दूर न जाता त्यांच्याकडेच येते. वाऱ्याने ती लवकर निवते आणि पाणी झटकून टाकते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. १९५३ मध्ये ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली, आणि १९५५ च्या सित्रोएन डीएस मोटारीमुळे हा ब्रेक सर्वसामान्य वापरात आला. मालवाहू वाहनांकडे तो उशिरा वळला. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीच्या हलक्या पिकअपना पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून मिळू लागले. त्यापूर्वीच्या पिकअपना नंतरच्या वर्षांचे पुढील भाग बसविण्याची प्रथा तिकडे चांगलीच रुळली आहे. त्या अनुभवातून घेण्याजोगा मुख्य धडा असा की, तेथील जाणकार कॅलिपर एकटा बसवीत नाहीत. पेडलपासून चाकापर्यंतची संपूर्ण साखळी बदलतात किंवा जुळवून घेतात.

पहिला खर्च कोठे करावा

गाडी डिस्कची करावयाची की नाही हा पुढचा प्रश्न आहे. हाती पैसा थोडा असेल तर त्याचा पहिला विनियोग दुहेरी मास्टर सिलिंडरवर करणे अधिक शहाणपणाचे होय. एकेरी सिलिंडरच्या गाडीत एका चाकाची रबरी नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी सिलिंडरमध्ये पुढील व मागील चाकांचे तेलमार्ग वेगळे असतात. एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवितो, अंतर अधिक लागले तरी थांबवितो. अमेरिकेने १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींना अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची केली, ती याच कारणासाठी. ज्या गाडीला आजही एकेरी सिलिंडर आहे, तिच्या चाकांवर चकचकीत तबकड्या बसविणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणे होय.

दुसरी वाट मोठ्या ड्रमची. नऊ इंचांऐवजी अकरा इंची ड्रम बसविल्यास तेवढ्याच घर्षणाने चाकावरील पकड सुमारे एक पंचमांशाने वाढते आणि उष्णता सामावण्यास अधिक धातू मिळतो. पेडलची ठेवण फारशी बदलावी लागत नाही. सपाट भागात, मर्यादित वेगाने, गावापासून बाजारापर्यंत फिरणाऱ्या गाडीला हे पुरते. घाटात नित्य जाणाऱ्या गाडीसाठी मात्र डिस्कचाच विचार करावा.

साखळीतील जागा

डिस्क बसविताना जे लक्षात घ्यावे लागते, त्याची वाच्यता गॅरेजमध्ये फारशी होत नाही. ड्रममधील पुढचा बूट चाकाच्या फिरण्यानेच ड्रमकडे ओढला जातो, म्हणजे ड्रम चालकाच्या पायाला स्वतःहून मदत करतो. डिस्क अशी मदत करीत नाही. साहजिकच बूस्टर नसलेल्या गाडीला डिस्क बसविल्यावर पेडल दगडासारखे लागते. बूस्टरला निर्वात हवा लागतो. पेट्रोल इंजिनात तो इंजिनाच्या ओढीतून मिळतो, डिझेल इंजिनात मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप, बहुधा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला, असावा लागतो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेल्या गाडीत हा पंप आहे की नाही, हे आधी पाहावे.

मास्टर सिलिंडरचा व्यासही जुळावा लागतो. कॅलिपरच्या रुंद दट्ट्याला ड्रमच्या छोट्या सिलिंडरपेक्षा अधिक तेल लागते. मास्टर सिलिंडर लहान असेल तर पेडल तळाला टेकते. फार मोठा असेल तर दाब कमी पडतो.

सर्वांत सूक्ष्म, आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित, भाग म्हणजे उर्वरित दाबाची झडप. ड्रमच्या तेलमार्गात पेडल सोडल्यावरही थोडा दाब, सुमारे दहा पौंड प्रति चौरस इंच, राखून ठेवणारी झडप असते. तीच झडप डिस्कच्या मार्गात राहिली, तर पॅड तबकडीला सतत घासत राहतात. काही किलोमीटरांत चाक भाजण्याइतके तापते. उलट, जीपप्रमाणे मास्टर सिलिंडर तळाशी, कॅलिपरपेक्षा खाली असेल आणि झडप मुळीच नसेल, तर उभ्या गाडीत तेल मागे उतरते व पहिला दाब पोकळ जातो. अशा ठिकाणी सुमारे दोन पौंडांची झडप लागते. ही लहानशी वस्तू विसरल्याने चांगले काम वाया जाते.

मागच्या चाकांकडे जाणारा दाब आवरणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. जोरात ब्रेक दाबला की मागची चाके आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागील दाब मर्यादित करणारी, शक्य तर हौद्यातील वजनाप्रमाणे बदलणारी झडप बसवावी. पुढील कॅलिपर रिमला घासत नाही ना, हे चाक पूर्ण वळवून दोन्ही अंगांनी पाहावे.

हब, बेअरिंग, कॅलिपर धरणारा कंस आणि तबकडी शक्यतो एकाच नंतरच्या मॉडेलमधून, एकाच संचाचे घ्यावेत. पत्रा कापून, वेल्डिंग करून तयार केलेला कंस कितीही भक्कम दिसला तरी तो स्वीकारू नये. पूर्ण ब्रेक दाबल्यावर चाक थांबविण्याचा सगळा जोर त्या कंसावर आणि त्याच्या दोन बोल्टांवर येतो.

जुने ड्रम उघडताना आतील धूळ हवेच्या झोताने किंवा तोंडाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसाला अपाय करते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे. ब्रेकच्या तेलाऐवजी इंजिनाचे ऑइल तर कदापि ओतू नये. रबरी वॉशर फुगून सगळी यंत्रणा बाद होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. नवे असताना डॉट-३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलेल्या तेलाची वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. यास्तव दोन वर्षांनी तेल बदलावे.

कागदाची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. ब्रेकचा प्रकार नोंदणी प्रमाणपत्रात सहसा लिहिलेला नसतो. परंतु म्हणून बदल मोकळा आहे असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे म्हणणे लेखी घ्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ प्रमाणे पायाचा ब्रेक आणि उभी गाडी धरून ठेवणारा ब्रेक अशा दोन स्वतंत्र व कार्यक्षम व्यवस्था असाव्या लागतात. पुढचे काम करताना हँडब्रेक सैल राहिला, असे होता कामा नये. मालवाहू पिकअपमधून वऱ्हाड किंवा मजूर नेण्याची मुभा मात्र कोणत्याही ब्रेकने मिळत नाही. हौद्यात माणसे बसवून मग ब्रेकच्या गुणवत्तेची चौकशी करणे, हा क्रमच उलटा आहे.

वाहन ग्रामपंचायतीचे किंवा संस्थेचे असेल तर दरपत्रके मागविताना ‘डिस्क ब्रेक बसविणे’ एवढाच मजकूर लिहू नये. तसे लिहिले की सर्वांत कमी दराचे दरपत्रक हटकून अर्ध्या कामाचे निघते, आणि ते नाकारावयास कागदावर कारण सापडत नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर, बूस्टर, आवश्यक तर निर्वात पंप, झडपा, नव्या रबरी नळ्या, तबकड्या, कॅलिपर, हब व बेअरिंग यांचा संच, आणि हवा काढून केलेली चाचणी, असे सर्व एकाच कामात नोंदवून मगच दर मागवावेत. इतका निधी नसेल, तर आहेत ते ड्रम टर्निंग करून घेणे, लायनिंग, सिलिंडर व नळ्या नव्या घालणे आणि ब्रेक नीट आवळणे हे काम पूर्ण करावे. नीट राखलेला ड्रम हा अर्धवट बसविलेल्या डिस्कपेक्षा केव्हाही भरवशाचा.

काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने आणि मंद वेगाने घ्यावी. नंतर वेग वाढवीत, मग माल भरून. गाडी एका बाजूस ओढते का, कोणते चाक आधी जाम होते, थांबल्यावर एखादा हब इतरांहून अधिक तापला आहे का, हे पाहावे. नवे पॅड तबकडीवर बसण्यासाठी आरंभी मध्यम जोराचे, मध्ये निवण्यास वेळ देऊन अनेक दाब द्यावे लागतात. तोवर घाटात जाऊ नये. बूस्टर बसविलेल्या गाडीच्या चालकास एक गोष्ट निक्षून सांगावी. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले, तर बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते. त्यानंतरचे वळण त्याला केवळ पायाच्या जोरावर काढावे लागते. तेल बदलल्याची तारीख, पॅडची जाडी आणि चाचणीचा दिवस यांची नोंद गाडीच्या लॉगबुकात डिझेलच्या रकान्याशेजारीच ठेवावी. पासिंगच्या वेळी तीच वही निरीक्षकापुढे ठेवता येते.