निजामाच्या नावाची विमानं



फ्रांको लुक्किनी हे नाव जालन्यात फार थोड्यांनी ऐकलं असेल. रोमचा हा लढाऊ वैमानिक आधी स्पेनच्या यादवीत उतरला, मग लिबियाच्या वाळवंटावर आणि माल्टा बेटावर लढला. वीसहून अधिक विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. 5 जुलै 1943 रोजी सिसिलीत, कतानियाच्या मैदानावर, तो अमेरिकी बॉम्बर विमानांच्या ताफ्यावर तुटून पडला आणि परतला नाही. इटलीनं त्याला मरणोत्तर सुवर्णपदक दिलं.

त्याच महिन्यात माल्टाहून सिसिलीवर जाणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायर विमानांत एक तुकडी होती, 152 (हैदराबाद) स्क्वाड्रन. हैदराबाद म्हणजे निजामाचं संस्थान. जालना, अंबड, भोकरदन, परतूर तेव्हा त्याच अमलाखाली! पहिल्या महायुद्धात 110 क्रमांकाची स्क्वाड्रन निजामाच्या देणगीतून सज्ज झाली होती. दुसऱ्या युद्धात अशाच देणगीपोटी 152 आणि 253 या दोन स्क्वाड्रननी संस्थानाचं नाव लावलं. 152च्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार होती आणि ब्रीद होतं ‘विश्वासू दोस्त’. इंग्रजांशी असलेली ही दोस्ती जुनी. 1803 साली भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती वेलस्ली लढला, त्या युद्धातही निजाम इंग्रजांच्या बाजूनं होता.

1940मध्ये 152 स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मनांशी झुंजली. पुढे अल्जीरिया, माल्टा, सिसिली, इटली. मग पूर्वेकडे येऊन 1944 साली इंफाळच्या बाजूला जपान्यांशी. त्या वैमानिकांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण संस्थानाचा खजिना भरत होता तो बऱ्याच अंशी शेतसाऱ्यावर. ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या आपल्या कुणब्याला या देणग्यांबद्दल कुणी विचारलं नाही, आणि विचारायला लावण्याचा हक्कही त्याला नव्हता. तो हक्क मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938मध्येच बंदी आली होती. सत्याग्रही तुरुंगात गेले होते. मुसोलिनीच्या हुकूमशाहीविरुद्ध सिसिलीच्या आभाळात हैदराबादचं नाव उडत होतं, त्या वेळी खुद्द हैदराबादेत जबाबदार राज्यपद्धती मागणं हा गुन्हा होता. 152 स्क्वाड्रन मार्च 1946मध्ये बरखास्त झाली. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती त्यानंतर, जुलैमध्ये.