नदीच्या भरवशावरचा किल्ला : बाळापूर



मोहगाव–सौंसरच्या मंडळींना किल्ला म्हटला की देवगड आठवतो. बख्त बुलंद राजाचा तो गड डोंगरावर आहे. चढणाऱ्याची दमछाक हाच त्याचा पहिला पहारा. परंतु ज्या मुलखात डोंगरच नाही, तेथे किल्ला बांधणाऱ्याने काय करावे? याचे उत्तर वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातील बाळापूर येथे विटांत लिहिलेले आहे.

मन आणि म्हैस या दोन नद्यांमधील उंचवट्यावर हा किल्ला उभा आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की एक बाजू सोडून त्याला पाण्याचा वेढा पडतो. खंदक खणण्याचे बरेचसे काम येथे निसर्गानेच करून ठेवले. पूर्णेच्या या गाळाच्या खोऱ्यात दगडापेक्षा माती हाताशी, म्हणून तट विटांचे; आणि वीटही अशी उत्तम भाजलेली की आज पाहणाऱ्याने हात लावून पाहावा.

आतला उंच किल्ला पंचकोनी, प्रत्येक कोनावर बुरूज. त्याभोवती सखल असा दशकोनी पडकोट, त्यालाही कोनाकोनावर बुरूज. ही केवळ भूमितीची हौस नव्हे. सरळ लांब तटाच्या पायथ्याशी शत्रू एकदा भिडला की वरच्या शिपायाला तो दिसत नाही. पुढे आलेल्या बुरुजावरून मात्र त्याच्या कुशीवर मारा करता येतो. शिवाय पडकोट सखल असल्याने दोन्ही तटांवरून एकाच वेळी बंदुका चालू शकतात. तीन दरवाजे एकाआड एक, आणि प्रत्येक आधीच्याहून उंचावर. पहिला फोडून आत शिरलेला शत्रू विजयी नसतो. तो दुसऱ्या दरवाजाच्या माऱ्याखाली उभा असतो. हौशी पाहुणे नेमके हे दरवाजे भराभर ओलांडून बुरुजावर वारा खायला जातात. किल्ला खरा वाचायचा तो या दरवाजांत.

बांधकामाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. औरंगजेबपुत्र आझमशहाने आरंभ केला आणि एलिचपूरच्या इस्माईलखानाने 1757 मध्ये ते पुरे केले, असे सांगतात. काही पुस्तकांत आरंभाचे वर्ष 1721 दिलेले आढळते. पण आझमशहा 1707 मध्येच जाजाऊच्या रणांगणावर पडला; तेव्हा ती नोंद तशीच उतरवून घेणे बरे नव्हे. याच बाळापूरच्या परिसरात ऑगस्ट 1720 मध्ये निजामुल्मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला, आणि दख्खनची सूत्रे त्याच्या हाती आली.

उंचीची मातब्बरी मानणाऱ्यांनी गाविलगडही आठवावा. सातपुड्यातला तो बुलंद गड डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी तोफांनी खिंडार पाडून घेतला.

बाळापूरचा शत्रू निराळा. विटांच्या सांध्यांत पिंपळाने मूळ धरले की त्याला तोफ लागत नाही. आणि नदी? गावाच्या दक्षिणेस नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. सुमारे 25 फूट चौरस आणि 33 फूट उंच. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून 23 किल्ले घेणारा हा सेनानी 1667 मध्ये बुऱ्हाणपुरास वारला. त्याच्या छत्रीचा पाया मात्र पुराने पोखरला होता. तो पुढे दुरुस्त करावा लागला.